शाळेतलं संकल्पचित्र आणि सातारा-सांगलीकडचा चित्रकलेचा तास

शाळेत चित्रकलेच्या तासाला डिझाइनचा जो भाग शिकवतात त्याला आपल्याकडं संकल्पचित्र म्हणतात. समोरचा तांब्या-पेला बघून काढला की वस्तुचित्र, गावची जत्रा आठवून काढली की स्मरणचित्र, आणि एक वर्तुळ देऊन "ह्यात फुलंपानं घेऊन रचना करा" असं सांगितलं की संकल्पचित्र. इथं बघून काढायला समोर काहीच नसतं, आकार कुठला घ्यायचा, किती मोठा, किती वेळा, जागा कुठं मोकळी सोडायची, कुठला रंग कुणाच्या शेजारी बसवायचा, हे सगळं पोरानं स्वतः ठरवायचं असतं. हात फार वळत नसला तरी ह्यात चालून जातं म्हणून पोरांना हा सोपा पेपर वाटतो.

शिकवायचे घटक म्हणजे रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश (म्हणजे आकाराभोवतीची मोकळी जागा), आणि ते एकत्र बांधायची तत्त्वं म्हणजे तोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद, आकर्षणकेंद्र. यादी पुस्तकाप्रमाणं थोडी इकडंतिकडं होते. फळ्यावर लिहून दिली की पोरं ती पाठ करतात आणि चित्रात त्यातलं काहीच उतरत नाही, त्यामुळं आधी डोळ्याला दाखवायचं आणि नाव मागनं सांगायचं हा क्रम बरा.

तत्त्वांवर आधारलेलं हे शिक्षण तसं फार जुनं नाही. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाउ नावाच्या शिक्षकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानी चित्रं बघून, नक्कल करण्यापेक्षा रेषा, काळं-पांढरं आणि रंग ह्यांच्या रचनेतनं शिकवायचं असं मांडलं, मग 1919 ला जर्मनीत वायमारला बाउहाउस नावाची कलाशाळा निघाली आणि तिथं योहानेस इटेननं पायाभूत कोर्स सुरू केला, आज जगभरच्या कला महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाला त्याची छाप दिसते. त्याच 1919 ला शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं आणि त्याच साली कराडजवळच्या काल्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. रयतचा बाउहाउसशी संबंध काही नाही, पण आपल्या भागातली खेड्यापाड्यातली पोरं ज्या बाकांवर बसून पहिल्यांदा कंपासनं फूल काढतात त्यातले कितीतरी बाक रयतचे आहेत म्हणून सांगितलं.

वर्गात काय करतात तर सुरुवात बहुतेक ठशांनी होते. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतं मिळतं, कांद्याची वर्तुळं मिळतात, बटाट्यात हवा तो आकार कोरता येतो. एकच ठसा सरळ ओळीत मारा, मग पुढची ओळ अर्ध्यानं सरकवून मारा, मग एक सुलटा एक उलटा मारा, तीन कागद शेजारी ठेवले की लय बदलली हे पाचवीतलं पोरगंसुद्धा न सांगता ओळखतं. दुसरा एक भारी प्रयोग काळ्या कागदाचा. चौकोनी काळा कागद पांढऱ्यावर ठेवायचा, त्याच्या कडेनं एक तुकडा कापायचा आणि कापलेल्या कडेवरच आरशातल्यासारखा उलटा करून बाहेरच्या बाजूला चिकटवायचा, चारी बाजूंनी असंच करत जायचं. नियम एकच, काही फेकायचं नाही आणि बाहेरचं काही आणायचं नाही. शेवटी काळा आकार कुठला आणि मोकळी जागा कुठली हेच कळेनासं होतं, आणि अवकाश म्हणजे काय हे तासभर बोलून समजत नाही ते तिथं समजतं.

तिसरी गोष्ट रंगांवर बंधन घालायची. पोस्टर कलरची अख्खी पेटी समोर असली की पोरं सगळे रंग वापरतात आणि चित्राचा नुसता गलका होतो. दोनच रंग द्या, वर काळा-पांढरा, मग बघा पोरं छटा करायला कशी लागतात. सर्जनशीलता म्हणजे "काहीही काढा" असं बऱ्याच जणांना वाटतं, पण काहीही काढा म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं दोन डोंगर, मधनं सूर्य, खाली नदी नि झोपडी काढून मोकळी होतात. बंधन नेमकं घातलं तर डोकं चालतं, फक्त ते असं पाहिजे की त्यातनं तीस पोरांची तीस उत्तरं निघाली पाहिजेत.

नमुन्यांना ह्या भागात काही कमी नाही, कमी आहे ती ते वर्गात आणण्याची. मिरजेच्या सतारमेकरांकडं तंबोऱ्याचा भोपळा नि दांडी जिथं जुळते तिथली कोरीव पानं बघा, आकाराला धरून सजावट कशी वळवायची ह्याचा तो धडाच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. माण-आटपाडीकडची घोंगडी दोन-तीन रंगांत आणि नुसत्या पट्ट्यांत काम भागवते, प्रमाण शिकवायला ह्याहून साधं काय पाहिजे. वाईच्या घाटाच्या पायऱ्या, बेंदराला रंगवलेली बैलांची शिंगं, आईनं दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी, सगळ्यात पुनरावृत्ती नि तोल आहेच. कास पठार तर 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, तेरडा किंवा सोनकी जवळनं बघून आधी जशीच्या तशी काढायची, मग एकेक बारकावा गाळत जायचं आणि उरेल तो आकार डिझाइनला घ्यायचा, ह्याला अलंकारिक रूप करणं म्हणतात आणि फोटोवरनं ते तितकं जमत नाही.

सातारा जिल्ह्यातलं औंध वेगळंच प्रकरण आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी 1938 ला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पसुद्धा आहे. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातनं एसटीनं सहलीला आलेल्या पोराला हेन्री मूर बघायला मिळतो हे भारीच. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर बरीच वर्षं इथं राहिले, आणि त्यांचे चिरंजीव, चित्रकार माधव सातवळेकर, पुढं राज्याचे कला संचालक झाले.

हे कला संचालनालय 1965 चं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षा त्याच्याच. बहुतेक पोरं सातवी-आठवीला पहिली देतात आणि मग दुसरी, दोन्हीत संकल्पचित्राचा स्वतंत्र पेपर असतो. एलिमेंटरीला दिलेल्या आकारात रचना असते, इंटरमिजिएटला ती बऱ्याचदा एखाद्या वापरायच्या वस्तूसाठी असते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव मार्क मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. ह्या मार्कांनी परीक्षा जिवंत ठेवली हे खरं, आणि त्याच मार्कांनी डिझाइनचा पेपर पाठांतराचा केला हेही खरं. क्लासवाले दोन-चार रचना घोटून घेतात, मोर, कमळ, लाटा, मागं वर्तुळं, आणि प्रश्न काहीही येवो, पोरगं तीच रचना दिलेल्या चौकटीत कोंबून येतं. सपाट रंग, स्वच्छ कडा, ब्रश बाहेर गेलेला नाही, त्यामुळं श्रेणीही बरी मिळते. नीटनेटकेपणा मोजायला सोपा, विचार मोजायला अवघड, म्हणून असं होत असावं.

त्यात चित्रकलेला पूर्णवेळ सर सगळीकडं नसतात. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार सहावी ते आठवीत 100 च्या वर पट असेल तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक (म्हणजे अर्धवेळ शिक्षक) असतो, म्हणजे लहान शाळांत गणिताच्या किंवा मराठीच्या बाईच हा तास घेतात. त्यांनाही जमतं, भेंडीचा ठसा मारायला रेखाकलेचा डिप्लोमा लागत नाही. मूल्यमापनाला काही ठिकाणी चांगली पद्धत दिसते, तयार चित्राबरोबर कच्ची रेखाटनं पण जमा करायची आणि प्रत्येकाच्या खाली पोरानं दोन ओळी लिहायच्या, हे का सोडलं नि ते का ठेवलं. घोटून आलेलं पोरगं तिथं लगेच सापडतं, कारण त्याच्याकडं सोडून दिलेलं काही नसतंच.