हँगरमधल्या गप्पा आणि वितळून जाणारा पुरावा

अमेरिकेत छोट्या गावाच्या एअरपोर्टवर शनिवारी सकाळी चक्कर मारली की एखाद्या हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, दार उघडं दिसतं, आत सेस्ना नाहीतर पायपर कब असं एखादं जुनं छोटं विमान, आणि शेजारी फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून, कॉफी घेऊन बसलेले साठी-सत्तरी ओलांडलेले चार-पाच पायलट. याला हँगर फ्लाइंग म्हणतात. विमान जागचं हलत नाही, गप्पा मात्र तासनतास उडत असतात. कोणाला क्रॉसविंडने (आडव्या वाऱ्याने) कसं फेकलं, कोण नुसता बर्गर खायला दुसऱ्या गावी विमान घेऊन गेला वगैरे. थापाही भरपूर असतात हं, दर वर्षी त्याच किश्श्यातलं वादळ जरा मोठं झालेलं असतं!

पण कार्ब आइसचा, म्हणजे इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये धरणाऱ्या बर्फाचा, किस्सा निघाला की ऐकावं. साधारण असा असतो तो: हवा छान, थंडी नावाला नाही, आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) हळूच उतरायला लागतात. पायलट नकळत थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) जरासा पुढे सरकवतो, ते परत उतरतात, तो परत सरकवतो, आणि मग कधीतरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरे, इंजिनाचा गळा आवळला जातोय.

आता उन्हाळी हवेत बर्फ कुठून आला? तर कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद जागेतून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो, हवा थंड होते. त्यात पेट्रोलचा फवारा मिसळतो आणि वाफ होताना तो आणखी उष्णता खेचून घेतो, हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं ना, तेच. दोन्ही मिळून तापमान ३० अंशांहूनही जास्त खाली जाऊ शकतं. म्हणजे बाहेर २० अंश आणि हवेत भरपूर दमटपणा असेल, पुण्यात ऑगस्टच्या पहाटे असते जवळपास तशी हवा, तर थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ धरायला एकदम अनुकूल. झडप जवळजवळ बंद असताना धोका सगळ्यात जास्त, आणि ती बंद कधी असते, तर उतरताना, जमीन जवळ आलेली असताना.

उपाय सोपा आहे. कार्ब हीटचा नॉब खेचायचा, म्हणजे एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत येते. पण खरी गंमत इथेच आहे, कारण नॉब खेचल्यावर आधी आरपीएम अजून पडतात (गरम हवा विरळ असते) आणि वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की इंजिन अक्षरशः खोकायला लागतं. नवखा घाबरतो, त्याला वाटतं आपण काहीतरी भलतंच केलं, आणि तो नॉब परत आत ढकलतो. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, परीक्षेत मार्कही मिळतात, पण त्या खडखडाटात हात आवरायला एखाद्या म्हाताऱ्याने हातवारे करून सांगितलेला किस्सा जास्त कामाला येतो असं मला वाटतं. आणि हे नुसतं वाटणं नाही, फायर ब्रिगेडच्या लोकांवर केलेल्या एका अभ्यासात चुकांच्या गोष्टी ऐकून शिकलेले लोक सगळं सुरळीत पार पडल्याच्या गोष्टी ऐकलेल्यांपेक्षा सरस ठरले होते.

शिवाय कार्ब आइस पुरावाच ठेवत नाही. विमान शेतात उतरवलं, तपासणारे येईपर्यंत बर्फ वितळून गेलेला, इंजिन सुरू केलं तर एकदम ठणठणीत! तेव्हाची हवा कशी होती यावरून अंदाज बांधता येतो, बाकी जे काही उरतं ते पायलटच्या तोंडी. अर्थात गप्पांना बसतात ते वाचलेलेच, जे वाचले नाहीत त्यांचा किस्सा कोण सांगणार, त्यामुळे हँगरमधलं ज्ञान थोडं एकतर्फी असतंच.

आणि किस्सा एकाच हँगरमध्ये अडकला तर? १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या एअरलाइनच्या ५१४ नंबरच्या फ्लाइटचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळ डलेस एअरपोर्टवर उतरताना डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. अप्रोचचा क्लिअरन्स (उतरण्यासाठी एअरपोर्टकडे यायची कंट्रोलरची परवानगी) मिळाला म्हणजे लगेच खाली यायला हरकत नाही, असा समज झाला होता. साधारण दीड महिना आधी युनायटेड या दुसऱ्या एअरलाइनचं एक विमान तिथेच त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या पायलटांना सांगितलं, पण टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचायला रस्ताच नव्हता.

त्यानंतर एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याने, चुका कळवायची योजना काढली, पण लायसन्स काढून घेणाऱ्यालाच आपली चूक कोण सांगणार? म्हणून १९७६ मध्ये काम नासाकडे दिलं, नासाला दंड करायचा अधिकारच नाही. मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि १० दिवसांत कळवलं, तर सहसा शिक्षा माफ. एअरलाइनचा कॅप्टन असो की कब उडवणारा आजोबा, फॉर्म कोणीही भरू शकतो. नासाची माणसं, त्यातले बरेच स्वतः जुने पायलट, तो वाचतात, गरज पडली तर फोन करून विचारतात, मग नावाची पट्टी काढून पायलटला परत पाठवतात आणि निनावी किस्सा सगळ्यांसाठी खुला करतात. फॉर्मवर खुणा करायच्या चौकोनांशिवाय वर्णनाला मोठी मोकळी जागा असते, काय झालं ते आपल्या शब्दांत लिहायला.