शंभर मीटरच्या आतलं घर : वारसास्थळांवरील गावकरी पर्यटनाची पार्श्वभूमी

सोलापूरला आलेला प्रवासी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट एका दमात उरकतो. वेळ उरला तर भुईकोट किल्ला, नाहीतर भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल. तिथे शके ९४० चा (इ.स. १०१८) मराठी शिलालेख आणि ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. फोटो काढून गाडी निघते, गावाच्या पदरात चहाचे पैसे पडतात.

वाटाड्या गावचा, जेवण-मुक्काम गावच्या घरात, हा याला पर्याय. यजमान गावाला लाभ व्हावा, हे १९९९ च्या आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक पर्यटन सनदेतच आलं होतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं. कागदावर सगळं सोपं. घोडं अडतं ते शंभर मीटरवर.

१६ जून १९९२ च्या अधिसूचनेने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित (नवं बांधकाम बंद) आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित (बांधकाम परवानगीनेच) ठरले. २०१० मध्ये हे थेट केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यात बसलं. अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात, त्यामुळे देवळाच्या भिंतीपासून टेप लावणारा हमखास चुकतो. बंदी नव्या बांधकामाला आहे, पाहुणा ठेवायला नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. सार्वजनिक शौचालय आणि पाणीपुरवठ्याची कामं तर ‘बांधकामा’च्या व्याख्येतूनच वगळली आहेत, पण हे ग्रामसभेत सहसा कुणी सांगत नाही.

गडबड होते ती अशी: पाहुण्यांसाठी माडीवर एक खोली चढवली की नोटीस येते. १९९२ नंतर विनापरवाना उभ्या राहिलेल्या घराला तर दुरुस्तीचीही मुभा नाही. म्हणून आधी जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधाव्यात, मग अर्ज करावा, गवंडी शेवटी बोलवावा. नियम हवाच, तो नसता तर किल्ल्याला खेटून लॉज उभे राहिले असते. पण त्याची झळ बाहेरच्या गुंतवणूकदारापेक्षा तिथेच राहणाऱ्याला जास्त बसते. २०११ मध्ये हंपीच्या बाजारातली वस्ती हटवली, तेव्हा हेच दिसलं.

स्मारक राज्याच्या यादीत असेल तर कायदा १९६० चा, वेगळा. यादी आधी तपासावी.

कुडलसारख्या नदीकाठी मुक्कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उजनीतून विसर्ग सुटला की भीमेचं पात्र फुगतं, त्या दिवसांचं आगाऊ बुकिंग घेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात दगड तापतो, तेव्हा फेरी सकाळी नऊच्या आत संपवावी आणि कडक भाकरी, शेंगाचटणी सावलीत वाढावी.