ध्वनिसमक्रमण (चित्रपट)

दृश्य आणि त्याचा आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर टिपले असता दोहोंची नेमकी जुळणी करण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘सिंक लावणे’ म्हणतात. संकलन शिकणाऱ्याला बहुधा हे आधी शिकवतात आणि ते योग्यच आहे, कारण आवाज चित्रापासून सुटा करून पुढेमागे सरकवता येतो याचा अनुभव इथे मिळतो.

आलम आरा या पहिल्या भारतीय बोलपटाच्या (प्रदर्शन १४ मार्च १९३१) वेळी हा प्रश्न फारसा नव्हता. टॅनार यंत्रणेत चित्र व ध्वनी एकाच फिल्मवर उमटत. आवाजाची फिल्म वेगळी झाल्यावर दोन्हींवर उमटणारी सामाईक खूण लागू लागली. तीच टाळीची फळी, म्हणजे क्लॅप.

फळीच्या उगमाबद्दल एकमत नाही. क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरण्याची रीत मूकपटांच्या काळातली. बिजागरीच्या दोन पट्ट्या आपटण्याच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः मेलबर्नच्या एफ्टी स्टुडिओचे प्रमुख एफ. डब्ल्यू. थ्रिंग यांना, तर पाटी व पट्ट्या एकत्र करण्याचे श्रेय लिऑन एम. लिऑन या ध्वनितज्ज्ञांना दिले जाते. मात्र एफ्टीची स्थापना १९३० च्या सुमाराची आणि अमेरिकी बोलपट त्याआधी दोनतीन वर्षे निघत होते. तेव्हा ही युक्ती एकाहून अधिक स्टुडिओंत गरजेपोटी सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हिंदी चित्रपटसृष्टीत साधारणतः १९६० नंतर चालताना घरघर करणारे हलके कॅमेरे आले आणि संवाद मागाहून डब करण्याची पद्धत बळावली. चित्रीकरणस्थळी मुद्रित केलेल्या संवादांना लगान (२००१) पासून पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

उघड्या किनाऱ्यावर समक्रमणाची खरी परीक्षा होते. सुमारे ३०° से. तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मी. जातो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास १४ मीटर अंतराची झाली. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढणारे शंभर मीटरवरून झूम करून टिपले आणि माइक कॅमेऱ्यावरच ठेवला, तर त्यांची आरोळी ओठांमागून सात फ्रेमांनी येते. कॅमेरा व रेकॉर्डर बिनचूक असूनही हे घडते. टाळी कॅमेऱ्याजवळ आणि रेकॉर्डर पाण्याच्या कडेला, अशी मांडणी असेल तर खूणच चुकीची पडते; म्हणून टाळी माइकपाशी, पण कॅमेऱ्याला स्पष्ट दिसेल अशी वाजवावी. आवाज किंचित उशिरा आलेला प्रेक्षक खपवून घेतो, आधी आलेला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी फरक जाणवतो, उशिरा आल्यास मात्र ही मर्यादा सुमारे १२५ आहे. रुंद दृश्यात, उदा. लांबवर होडीच्या फळीवर हातोडा पडताना, थोडा उशीर राखणेच खरे. झूममध्ये तो काढून टाकावा.

मोबाइलच्या चित्रणात फ्रेमांचा वेग कमीजास्त होतो. त्यामुळे आरंभी जुळलेला आवाज पुढे सुटत जातो. एका ठरावीक वेगात रूपांतर करून मगच सिंक लावावा. दशावतारासारख्या रात्रभराच्या प्रयोगात दर वेळी पाटी धरता येत नाही; तिथे झांजेचा ठसठशीत ठोका खुणेचे काम करतो.

सिंक जुळला तरी समुद्राच्या गाजेचा प्रश्न उरतो. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असल्याने सकाळी भरतीला घेतलेला टेक आणि दुपारी ओहोटीला घेतलेला टेक यांची गाज वेगळी येते. संवाद कापताना लाटही मधेच कापली जाते आणि कानाला तो सांधा टोचतो. खोलीत अर्धा मिनिट नुसती शांतता टिपून भागते. समुद्रावर मात्र लाटांची लय अनियमित असल्याने प्रत्येक मांडणीनंतर निदान दोनतीन मिनिटे निव्वळ गाज मुद्रित करावी आणि ती संवादांखाली अखंड पसरावी. वाऱ्यासाठी माइकला केसाळ आवरण हवेच. माइकच्या पडद्यावर आदळलेल्या वाऱ्याची घरघर नंतर पुरती निघत नाही. सुरूच्या बनातली सळसळ मात्र वेगळी टिपून ठेवण्याजोगी असते.