सांग्रियासाठी स्वस्त रेड वाइनच का बरी?

सांग्रिया म्हणजे रेड वाइनमध्ये फळं, साखर आणि बर्फ घालून केलेलं स्पॅनिश पेय. वाइन जेवढी भारी तेवढी सांग्रिया भारी, असं खूप जणांना वाटतं. होतं मात्र उलटंच, आणि त्यामागे साधी केमिस्ट्री आहे.

महाग रेडमध्ये आपण बऱ्याचदा पैसे मोजतो ते ओक लाकडाच्या पिंपात मुरवण्याचे. स्पेनच्या रिओखा भागात क्रियान्सा म्हणजे किमान 2 वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान 1 वर्ष ओकमध्ये, आणि ग्रान रेसेर्वा तर 5 वर्षं. पिंपामुळे वाइनला व्हॅनिलासारखा वास येतो आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यही तिच्यात उतरतं. हे टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं, मग लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते, जांभळं खाल्ल्यावर होते ना, तश्शीच. जेवताना मटणाबरोबर, 16-18 डिग्रीला, हे मस्तच लागतं.

पण सांग्रियात बर्फ असतो! थंडीत सुगंधाचे रेणू कमी उडतात म्हणजे ज्या व्हॅनिलासाठी पैसे दिले तो नाकापर्यंत नीट पोचतच नाही, तुरटपणा मात्र थंड वाइनमध्ये जास्तच जाणवतो, आणि गोडी तर आणखी दबते. जिभेच्या पेशींत गोड चव ओळखायला लागणारं टीआरपीएम5 नावाचं एक चॅनेल असतं, ते ऊब मिळाली की जोरात काम करतं आणि गारठ्यात मंदावतं, हे 2005 साली संशोधकांनी दाखवलं. मग आपण साखर ओतत बसतो आणि तरी चव जमत नाही.

म्हणून घ्यायची ती तरुण, ओक न लागलेली, फळांच्या चवीची वाइन. स्पॅनिश मिळाली तर लेबलवर 'होवेन' (म्हणजे तरुण) बघा, द्राक्ष गार्नाचा किंवा टेम्प्रानियो. रिओखाच्याच अलावेसा भागातली जुनी पद्धत मला फार आवडते, अख्खे घड टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, आंबणं द्राक्षाच्या आतच सुरू होतं, त्यामुळे रंग आणि फळाचा वास येतो पण टॅनिन कमी उतरतं. आपल्याकडे नाशिकची शिराझ द्राक्षाची रेड वाइन सहज मिळते, तीही चालेल, फक्त 'रिझर्व्ह' लिहिलेली नको.

टेस्ट सोपी आहे, घोटभर वाइन फ्रिजमध्ये गार करून प्या, तेव्हा तुरट लागली तर सांग्रियातही तुरटच लागणार. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर ती बाटली वापरूच नका, संत्र्याने तो झाकला जात नाही.

फळं मात्र आधी वाइनमध्ये तीन-चार तास मुरू द्या, कारण संत्र्याच्या सालीतलं सुवासिक तेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि 13 टक्क्यांच्या 750 मिली वाइनमध्ये 250 मिली सोडा घातला की अल्कोहोल पावणेदहा टक्क्यांवर येतं. म्हणून सोडा शेवटी, अगदी ग्लास भरताना. लिंबू पिळलंत तर रंगही जास्त लाल होईल, वाइनला रंग देणारं अँथोसायनिन आंबटात खुलतं.