जहाजावरील खासगी सशस्त्र रक्षक

चाच्यांचा धोका असलेल्या समुद्रपट्ट्यातून जाण्यासाठी जहाजमालकाने कराराने घेतलेले बंदूकधारी पथक. खासगी लष्करी कंपन्यांच्या धंद्याची ही समुद्रावरची शाखा. जमिनीवरची नावे अधिक गाजली : अंगोला व सिएरा लिओनमध्ये १९९०च्या दशकात लढलेली एक्झिक्युटिव्ह आउटकम्स, १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात गोळीबार करणारी ब्लॅकवॉटर, जून २०२३ मध्ये रशियाच्याच लष्करी नेतृत्वावर उलटलेली वॅग्नर. कोकणचा संबंध मात्र समुद्री शाखेशी येतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. इथली मुले व्यापारी जहाजांवर खलाशी असतात आणि इथल्या नौका त्याच जहाजांच्या वाटेत जाळी सोडतात.

पैसे घेऊन समुद्र राखणे या किनाऱ्याला नवे नाही. जंजिऱ्याचा सिद्दी आदिलशाहीची चाकरी सोडून मोगलांकडे गेला, तो सुरतेच्या महसुलातून मिळणाऱ्या नेमणुकीवर. आंग्र्यांच्या आरमारात युरोपीय गोलंदाज पगारावर होते. सिद्दीच्या तोफांना परवाना कोणी विचारत नसे. आजच्या रक्षकाचे निम्मे काम परवान्याचेच असते.

पथक साधारण चार जणांचे असते : एक प्रमुख, तिघे रक्षक, त्यांतल्या एकाला प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. चौघे असले तरच चोवीस तासांची पहारापाळी नीट बसते. धंद्यात स्पर्धा वाढली तशी तिघांवर, कधी दोघांवर भागवण्याची प्रथा पडली. मग पहाऱ्यावरचा माणूस पहाटे पेंगतो, आणि चाच्यांना तीच वेळ सोयीची. बंदुकीआधी जहाजाची स्वतःची तयारी हवी : कठड्याभोवती काटेरी पात्यांच्या तारेची ७३० किंवा ९८० मिलिमीटर व्यासाची वेटोळी, पाण्याचे फवारे चालू, आणि खलाशांनी आतून बंद करून बसण्यासाठी एक भक्कम खोली. १८ नॉटपेक्षा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद जहाजधंद्याच्या २०११च्या चाचेविरोधी मार्गदर्शिकेपर्यंत झाली नव्हती. धोका संथ, भरलेल्या आणि पाण्यात खोल बसलेल्या जहाजाला. १२ नॉटने जाणाऱ्या जहाजामागे २५ नॉटची होडी लागली, तर एक सागरी मैलाचे अंतर पाच मिनिटांच्या आत संपते.

तेवढ्या वेळात पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात : भोंगा आणि दिव्याने इशारा, जहाजाला वळणे देणे, शस्त्र उंचावून दाखवणे, पाण्यात इशाऱ्याची गोळी. नेम धरून गोळी फक्त जिवावर बेतल्यावर. जहाजाची सूत्रे कप्तानाच्याच हाती राहतात; स्वसंरक्षणाचा हक्क मात्र प्रत्येक रक्षकाचा स्वतःचा. ‘बिम्को’ या जहाजमालकांच्या संघटनेने मार्च २०१२ मध्ये काढलेल्या ‘गार्डकॉन’ या नमुना करारात हे सारे मांडले आहे.

खरी अडचण बंदुकीची. माणूस विमानाने परततो, रायफल परतत नाही. बहुतेक बंदरे शस्त्र उतरवू देत नाहीत किंवा सीलबंद करून ठेवतात. म्हणून तरती शस्त्रागारे निघाली : ओमानच्या आखाताजवळ आणि तांबड्या समुद्रात, कोणाच्याही १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर उभी असलेली जुनी जहाजे. पथक तिथून शस्त्रे घेते, मोहीम संपली की तिथेच जमा करते. असे जहाज हद्दीच्या आत आले की सारे बिनसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सीमन गार्ड ओहायो’ तुतिकोरिनला आणले गेले. त्यावरील ३५ जणांना २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. चार वर्षे त्यात गेली.

कोकणाने हेच प्रकरण १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला पाहिले. ‘लेडी हान’ ही बोट वाहत किनाऱ्याला लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. मस्कतहून युरोपला निघालेल्या या बोटीचे इंजिन २६ जूनला बंद पडले होते आणि माणसांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवले होते. खवळलेल्या समुद्रामुळे बोट मात्र ओढून नेता आली नव्हती. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सोडलेले काहीही याच किनाऱ्याला आणून टाकतो. १९९३ च्या स्फोटांचे आरडीएक्स याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला उतरले होते. म्हणून २०२२ मध्ये गणपतीच्या तोंडावर उडालेली घबराट समजण्यासारखी होती.

मच्छीमारांचा धोका वेगळा. जहाज जाळ्यावर येताना दिसले की तांडेल नौका त्याच्याच दिशेने पळवतो, हात हलवतो, दिवा दाखवतो. जहाजावरच्या रक्षकाला तोच हल्ला वाटू शकतो. डिसेंबर २०१० मध्ये चाचेगिरीच्या धोक्याच्या पट्ट्याची पूर्व सीमा ७८ अंश रेखांशापर्यंत सरकवली गेली आणि सबंध कोकण त्यात आले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले. मारणारे खासगी रक्षक नव्हते, इटलीच्या नौदलाचे सैनिक होते. पण चूक याच जातीची. डिसेंबर २०१५ मध्ये सीमा ६५ अंशांवर मागे गेली, आणि १ जानेवारी २०२३ पासून तो पट्टाच रद्द झाला. ओळखीच्या खुणा सोप्या आहेत : ट्रॉलर जेमतेम ८–१० नॉट धावतो, त्यावर जाळी आणि बावटे असतात; चाच्यांच्या होडीत आकडे लावलेली शिडी आणि जादा इंधनाची पिंपे असतात, मासळीचा मात्र पत्ता नसतो. नौकेवर बिनतारी संच असेल तर चॅनेल १६ वर जाळ्याची जागा सांगणे सर्वांत बरे.

कायद्यात या पथकाची जागा अर्धवट आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पुरवणीतील ४७ व्या कलमानुसार ‘भाडोत्री सैनिक’ ठरण्यासाठी सहा अटी एकत्र लागतात. रक्षक त्यांत बसत नाही. २००८ चा माँट्रो दस्तऐवज युद्धक्षेत्रातील कंपन्यांसाठी आहे आणि बंधनकारकही नाही. भारताने ऑगस्ट २०११ मध्ये भारतीय जहाजांना असे रक्षक घेण्याची मुभा दिली. सैन्यातून निवृत्त होऊन या कामाला जाणाऱ्याने एक गोष्ट तपासावी : जहाजाच्या कागदांवर त्याची नोंद बहुधा खलाशी म्हणून नव्हे, जादा माणूस म्हणून होते. पगार थकला किंवा परक्या बंदरात अटक झाली, तर खलाशांना मिळणारे संरक्षण त्याला मिळेलच असे नाही. म्हणून करारात वकिलाचा खर्च, परतीचे तिकीट आणि शस्त्राच्या परवान्याची प्रत या तीन बाबी लेखी घ्याव्यात.