छप्पर उडवणारा शब्द

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि सोमवारच्या पेपरात त्याला ‘ब्लॉकबस्टर’ म्हटलेलं असतं. हा शब्द मूळचा बॉम्बचा आहे, असं सांगितलं तर अनेकांना पटत नाही. थिएटरबाहेरची रांग अख्ख्या ब्लॉकला वळसा घालायची म्हणून हे नाव पडलं, असंही काहीजण सांगतात. पण सिनेमाला चिकटण्याआधी हा शब्द युद्धाच्या बातम्यांत होता.

१९४१च्या मार्चअखेरीस ब्रिटिश हवाई दलाच्या वेलिंग्टन विमानांनी जर्मनीतल्या एम्डेन शहरावर एक नवा बॉम्ब टाकला. वजन ४,००० पौंड, म्हणजे सुमारे १,८०० किलो. दिसायला साधं लोखंडी पिंप. वैमानिक त्याला ‘कुकी’ म्हणत. अमेरिकन वर्तमानपत्रांनी मात्र लवकरच ‘ब्लॉकबस्टर’ हे नाव उचललं.

आपल्याकडे पूर्वी ‘डोंबिवलीला ब्लॉक घेतला’ म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अमेरिकन माणसाचा ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांच्या मधली सगळी घरं. पत्ता सांगतानाही तो ‘तीन ब्लॉक पुढे’ असंच सांगतो. चार हजार पौंड म्हणजे किती, हे ओहायोतल्या वाचकाला डोळ्यांपुढे आणता आलं नसतं. पण आपल्या दारापासून कोपऱ्यापर्यंत आणि मागच्या रस्त्याने परत, एवढा भाग त्याच्या रोजच्या पायाखालचा. बातमीदारीचं माप म्हणून शब्द नेमका होता, हे मानायलाच हवं.

पण बॉम्ब काय करायचा, हे मात्र त्या शब्दातून कळत नाही. ब्रिटिशांच्या जुन्या, जाड कवचाच्या बॉम्बमध्ये स्फोटकाचा वाटा जेमतेम एक तृतीयांश असे. स्फोटाची बरीच ऊर्जा ते पोलाद फोडण्यात आणि त्याचे तुकडे भिरकावण्यात खर्च व्हायची. कुकीचं कवच पातळ, आणि वजनाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग नुसतं स्फोटक. त्यामुळे ऊर्जा थेट हवेत जायची. दाबाची एक भिंत चहूकडे धावत सुटायची, तिच्यामागून उलटी ओढ यायची, आणि दूरदूरपर्यंतच्या घरांची कौलं उडायची, खिडक्या निखळायच्या.

कौलं उडवणं हाच तर हेतू होता. त्याच हल्ल्यात विमानं मॅग्नेशियमच्या आगलाव्या कांड्या टाकत. एकेक कांडी चार पौंडांची, पावणेदोन किलोच्या आसपास. छप्पर गेलेल्या माळ्यावर ती पडली की लाकूड पेट घेई आणि फुटक्या खिडक्यांतून वारा आगीला फुंकर घाली. म्हणजे ब्लॉक फोडण्यापेक्षा तो पेटण्यासाठी उघडा करणं हे या बॉम्बचं मोठं काम. ही अर्धी गोष्ट शब्दाने गाळली, आणि मला वाटतं, म्हणूनच तो इतका सहज दुसरीकडे जाऊ शकला.

कारण १९४३च्या मे महिन्यातच आर.के.ओ. कंपनीने ‘बॉम्बार्डियर’ या आपल्या युद्धपटाच्या जाहिरातीत त्याला ब्लॉकबस्टर म्हटलं. पुढच्या वर्षी टारावा बेटावरच्या लढाईचा माहितीपट आला. त्यात मेलेले अमेरिकन सैनिक दिसतात. त्याची जाहिरात म्हणत होती की तो काळजावर दोन टनी ब्लॉकबस्टरसारखा आदळतो. दोन अमेरिकन टन म्हणजे बरोबर ४,००० पौंड. जाहिरात लिहिणाऱ्याला बॉम्बचं वजनसुद्धा पाठ होतं, आणि त्या वेळी ते बॉम्ब जर्मनीवर पडतच होते.

सप्टेंबर २०१७मध्ये फ्रँकफर्टला बांधकामासाठी खणताना सापडलेली अशीच एक कुकी निकामी करायची होती. आत जवळपास १,४०० किलो स्फोटक, ७० वर्षांनंतरही जिवंत. एका रविवारी ६०,००० हून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. दोन रुग्णालयं रिकामी केली, त्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंही होती. जर्मन लोक या बॉम्बला ‘वोनब्लॉकक्नाकर’ म्हणतात. क्नाकर म्हणजे फोडणारा, आणि अमेरिकन शब्दात नसलेलं ते सुरुवातीचं ‘वोन’ म्हणजे राहणं.