ग्रब-इन्स्टॉल वेगळा, अपडेट-ग्रब वेगळा

निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या क्लासांत आणि शाळांच्या लॅबमध्ये विंडोजशेजारी लिनक्स बसवायची स्क्रिप्ट उघडून बघा. शेवटी हमखास दोन ओळी असतात : ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. (ग्रब म्हणजे बूटलोडर : मशीन चालू होताच लिनक्स की विंडोज हा मेनू दाखवणारा आणि निवडलेलं सुरू करणारा प्रोग्राम.) का, तर ‘दोन्ही टाकले की मेनू येतो’. नाही आला, की त्याच दोन ओळी परत, या खेपेला --फोर्स (इशारा आला तरी रेट) लावून.

अपडेट-ग्रब सगळ्यांच्या ओळखीचा. डेबियन-उबुंटू या लिनक्सांत तो आतून ग्रब-एमकेकॉन्फिगच चालवतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब आणि /ईटीसी/ग्रब.डी वाचून ग्रब.सीएफजी नावाची मेनूची, साध्या मजकुराची फाईल लिहिली, की त्याचं काम संपलं.

ग्रब-इन्स्टॉल मेनूचं एक अक्षरही लिहीत नाही. तो बूटलोडर जागेवर बसवतो. जुन्या बायोस मशीनवर एमबीआरच्या (डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या) पहिल्या ४४० बाइटांत सुरुवातीचा कोड आणि पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ग्रबचा गाभा. डिस्क जीपीटी (पार्टिशनांची नवी पद्धत) असेल तर ही मोकळी जागा चालत नाही, १ एमबीचं बायोस-बूट पार्टिशन वेगळं काढावं लागतं. युईएफआयवर (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मात्र ईएसपीत, म्हणजे बूटलोडरांसाठीच्या छोट्या पार्टिशनमध्ये, एक .ईएफआय फाईल आणि मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (मशीन बंद केलं तरी टिकणाऱ्या मेमरीत) त्या फाईलची एक नोंद. मॉड्यूलं, म्हणजे ग्रबचे बाकीचे सुटे भाग, दोन्हीकडे /बूट/ग्रबमध्ये.

कुठला बिघडलाय ते स्क्रीनच सांगते. ‘ग्रब रेस्क्यू>’ दिसलं म्हणजे गाभा उठला, पण त्याला मॉड्यूलं सापडली नाहीत : ग्रब-इन्स्टॉल. नुसतं ‘ग्रब>’ म्हणजे मॉड्यूलं मिळाली, ग्रब.सीएफजी नाही : अपडेट-ग्रब. (सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी युईएफआयची सोय; तिच्यासाठी सही केलेल्या ग्रबात मॉड्यूलं आतच असतात. तिथं ‘ग्रब>’ आलं तर आधी ईएसपीतली छोटी ग्रब.सीएफजी बघा, ती ग्रब-इन्स्टॉल लिहितो.) मेनू आला पण त्यात विंडोज नाही : पुन्हा अपडेट-ग्रब. मशीन थेट विंडोजमध्येच शिरलं, तर अपडेट-ग्रब शंभरदा चालवा, काही होणार नाही.

लॅबमध्ये नेमकं हेच होतं. एक मशीन तयार करायचं आणि त्याची डिस्क डीडीने (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी कमांड) बाकीच्यांवर उतरवायची. यूयूआयडी (पार्टिशनांचे ओळखक्रमांक) तेच, ग्रब.सीएफजी तीच, ईएसपीतली फाईलसुद्धा आली. एनव्हीरॅम मात्र डिस्कवर नसतो, तो ज्या-त्या मदरबोर्डवर असतो. तिथं ग्रबची नोंद झालेलीच नाही. म्हणून प्रत्येक मशीनवर ग्रब-इन्स्टॉल एकदा चालवावाच लागतो, अपडेट-ग्रबची गरज नाही. --रिमूव्हेबल दिला तर फाईल ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय या ठरलेल्या जागी जाते आणि नोंदीवाचून चालते. नुसत्या लिनक्सच्या मशीनला ते ठीक. विंडोज शेजारी असेल तर मी नोंदच करून घेईन.

स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला सेट -ईयू (चूक झाली की तिथंच थांब) हवंच, आणि /सिस/फर्मवेअर/ईएफआय आहे का ते बघून दोन फाटे : असेल तर युईएफआय, नसेल तर बायोस. बायोसच्या फाट्यात ग्रब-इन्स्टॉलला अख्खी डिस्क द्यायची, /डेव्ह/एसडीए; /डेव्ह/एसडीए१ नव्हे. पार्टिशन दिलं की तो ब्लॉकलिस्टची (गाभा डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत आहे त्याची बेभरवशाची यादी) तक्रार करतो, ती खरी असते, --फोर्सने ती दाबणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. पेनड्राइव्ह लावलेला असताना एसडीए भलताच निघू शकतो, म्हणून /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधलं नाव वापरा. युईएफआयच्या फाट्यात डिस्क द्यायचीच नाही, --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय पुरे; त्याआधी माउंटपॉइंट -क्यूने ईएसपी खरंच चढलंय याची खात्री.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती असेल तर सीएचरूटमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्सलाच रूट मानून त्याच्या आत, शिरूनच. उबुंटूच्या लाइव्हमध्ये बाहेरूनच अपडेट-ग्रब मारला की ‘/काऊचा कॅनॉनिकल पाथ मिळाला नाही’ अशा अर्थाची तक्रार येते. तो बिचारा पेनड्राइव्हच्याच रूटकडे बघत असतो. शिरण्यापूर्वी /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस तिन्ही --आरबाइंडने जोडा. साध्या --बाइंडने /सिसच्या आतलं ईएफआयव्हार्स (एनव्हीरॅममध्ये लिहायची वाट) सोबत येत नाही, मग ग्रब-इन्स्टॉल फाईल ठेवतो पण नोंद करू शकत नाही.

राहिला हरवलेला विंडोज. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या बाकीच्या ऑपरेटिंग सिस्टीम शोधणारा) मुळातच बंद असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स लिहा, ओएस-प्रोबरचं पॅकेज घाला आणि अपडेट-ग्रब चालवा. ग्रब.सीएफजी हाताने सुधारू नका, पुढच्या कर्नल अपडेटला सगळं पुसलं जाईल; स्वतःच्या ओळी /ईटीसी/ग्रब.डी मधल्या ४०_कस्टममध्ये.